एका अंशाला चार मिनिटं

घड्याळात साडेतीन वाजले आहेत. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यामधला कोन किती अंशांचा?

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात मी हा प्रश्न पाचवी-सहावीच्या मुलांना विचारला, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात "नाइंटी" म्हटलं. मागच्या बाकांवर मुलांची वाट बघत बसलेल्या दोन बाबांनीही मान डोलावली. एकच मुलगी गप्प होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "पण छोटा काटा तीनवर नाहीच आहे. तो तीन आणि चारच्या मध्ये आहे."

बरोबर! मिनिटकाटा तासाभरात ३६० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला सहा अंश. तासकाटा तेवढ्याच वेळात फक्त ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. अर्ध्या तासात तो तीनच्या पुढे १५ अंश गेलेला असतो. तेव्हा उत्तर ९० नाही, ७५. काटकोन नव्हे, लघुकोन. हे कळल्यावर मुलांना असा चेव आला की सव्वानऊ, पावणेसहा, बारा वाजून वीस असं करत पुढचा अर्धा तास कोन मोजण्यातच गेला. (सव्वानऊचा तुम्हीच काढा. १८० नाही, एवढं सांगते.)

मी मूळची सातारची. भूगोल घेऊन एम. ए. केलं आणि लग्नाआधी एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते. गणिताचे शिक्षक कमी पडले की गणितही माझ्याच गळ्यात पडायचं. इथे न्यू जर्सीत आल्यावर व्हिसाच्या कृपेने गृहिणी झाले, पण खडूची सवय काही जात नाही. म्हणून शनिवारचा वर्ग.

इथल्या मुलांचं गणित कच्चं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. अपूर्णांकात ती मला हरवतील. पण वेळ ही त्यांच्यासाठी फोनवर उमटणारी चार आकडी संख्या झाली आहे आणि त्यामुळे गंमत होते. "अडीच तास" म्हटलं की वहीत २.५ येतं, इथपर्यंत ठीक. पुढच्या ओळीत त्याचे "दोन तास पन्नास मिनिटं" होतात. सव्वादहातून सहा चाळीस वजा करताना १०.१५ वजा ६.४० असं मांडून उत्तर येतं ३.७५. हातचा घेताना शंभर घेतले, साठ घ्यायचे होते.

आणि खरं सांगायचं तर आपली मराठी इथे फार उपयोगी पडते. सव्वा, साडे, पावणे हे शब्द मुळात भूमितीचेच आहेत. सव्वाला मिनिटकाट्याने पाव वर्तुळ ओलांडलेलं असतं, साडेला अर्धं, आणि पावणेचार म्हणजे चारला पाव वर्तुळ कमी: ९०, १८०, २७० अंश. गोल घड्याळ डोळ्यांसमोर नसेल तर "पावणेचार" हा शब्द पाठ करण्यापलीकडे हाती काही लागत नाही. मुलं "पावणेचार" ऐकून ४:४५ लिहितात त्याचं कारण मराठी कच्ची हे नाही, वर्तुळ दिसत नाही हे आहे. माझं ऐका, मुलांच्या खोलीत काट्यांचं एक साधं घड्याळ लावा.

पण हा सगळा खटाटोप मी करते तो घड्याळापुरता नाही. आपल्यासारख्या घरांत रोज एक हिशोब चालू असतो: आत्ता भारतात किती वाजले? फोन सांगतो. पण मुलं विचारतात, तो अर्धा तास कुठून आला? इंग्लंडला फोन केला तर पूर्ण पाच तासांचा फरक, मग पुण्याला साडेदहाचा का?

त्यासाठी माझ्याकडे पोळी आहे. चांगली मोठी, जमेल तितकी गोल. पोळीचा मध्य म्हणजे उत्तर ध्रुव, कड म्हणजे विषुववृत्त. आधी चार तुकडे, मग प्रत्येकाचे दोन, मग त्यांचे तीन-तीन. झाले चोवीस. प्रत्येक तुकडा १५ अंशांचा, आणि तेवढं फिरायला पृथ्वीला एक तास लागतो. एका तुकड्याला साठ मिनिटं, तर एका अंशाला चार मिनिटं. एवढं एक सूत्र पुरे.

आता एका रेघेवर ग्रीनिच मांडलं, शून्य अंश. तिथून पूर्वेला पुणे, साधारण ७३.८५ अंशांवर. पश्चिमेला आपलं एडिसन, साधारण ७४.४ अंशांवर. दोन्हीकडे मोहरीचा एकेक दाणा ठेवला आणि मुलांच्या आधी मीच हरखले. दोन्ही गावं ग्रीनिचपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर! इकडे पाच तुकड्यांना जरा कमी, तिकडेही पाच तुकड्यांना जरा कमी. दोन्ही मिळून १४८.२५ अंश. गुणिले चार, ५९३ मिनिटं. म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर आल्यापासून तो एडिसनच्या डोक्यावर यायला ९ तास ५३ मिनिटं लागतात.

आणि आपली घड्याळं काय सांगतात? उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. सूर्याचा हिशोब दोन्हींच्या मधे कुठेतरी. मुलांना वाटलं, टीचरचंच चुकलं. तर चुकलेलं नव्हतं. भारताचं घड्याळ पुण्याच्या सूर्यावर चालत नाही. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावर चालतं, म्हणजे पुण्यापेक्षा साधारण ३५ मिनिटं पुढे. आपलं इथलं घड्याळ ७५ अंश पश्चिमेवर, फिलाडेल्फियाजवळून जाणाऱ्या रेषेवर. ते एडिसनच्या सूर्यापेक्षा दोनेक मिनिटं मागे. ९ तास ५३ मिनिटांत ती ३७ मिनिटं मिळवा, बरोबर साडेदहा होतात. आणि ८२.५ अंशांना चाराने गुणलं की ३३० मिनिटं, म्हणजे ग्रीनिचपासून साडेपाच तास. हा तो अर्धा तास.

सगळं असं रेषांवर बांधलेलं असलं तरी माणसं सहजासहजी ऐकत नाहीत. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, पण मुंबईने आपला "बॉम्बे टाईम" १९५५ पर्यंत धरून ठेवला होता. तो ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता. मुंबई ७२.८ अंशांवर, गुणून बघा. अमेरिकेत तर १८८३ पर्यंत गावोगावची वेळ वेगळी होती. रेल्वे कंपन्या वैतागल्या तेव्हा कुठे पट्टे आखले गेले. आजही डेट्रॉइटला राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घड्याळात आपल्यासारखेच सहा वाजतात, सूर्य मात्र तिथे आपल्यापेक्षा जवळजवळ ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो.

साठाचा आकडा एवढा हट्टाने का टिकला, हाही प्रश्न येतोच. बाबिलोनच्या लोकांनी साठाच्या पटीत हिशोब केला. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा या सगळ्यांनी भाग जातो, शंभराला तीनाने जात नाही. आपल्याकडेही दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. "घटकाभर बस" म्हणणारी आजी नेमकं किती वेळ बसवत होती ते मुलांना आता माहीत आहे. तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटिका झाली. "घटका भरली" हा वाक्प्रचार आला तो तिथूनच.

यातला सर्वांत सुंदर भाग मात्र श्वासाचा आहे. कोनाच्या एका अंशात साठ कला, म्हणजे वर्तुळात ३६० गुणिले ६०, एकवीस हजार सहाशे कला. जुन्या ज्योतिषग्रंथांत काळाचं एक माप आहे, प्राण: एका सावकाश श्वासाचा वेळ, चार सेकंद. दिवसभरात असे प्राण किती? तेही एकवीस हजार सहाशे. आर्यभटाने लिहून ठेवलं आहे की पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते. मुलांना मी डोळे मिटून एक मिनिट श्वास मोजायला लावले. कुणाचे चौदा, कुणाचे सतरा, एका खोडकराचे तीस. पंधराच्या आसपास असणाऱ्यांना सांगितलं, तुम्ही पृथ्वीच्या चालीने श्वास घेताय. वर्ग शांत झाला, जे फार क्वचित होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. २०२४ ची दिवाळी आठवा. कुणाच्या घरी लक्ष्मीपूजन गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला, तर कुणाच्या घरी शुक्रवारी. आमच्याकडे पुण्याहून सासूबाईंचा फोन: "कालनिर्णयात शुक्रवार आहे, तुम्हीही शुक्रवारीच करा. देवाचं काम आहे, सोयीने बदलायचं नाही." इथे बहुतेक जण गुरुवार म्हणत होते, आणि त्यात गुरुवारी हॅलोविन. सासूबाईंना वाटलं, पोरांच्या सोंगांसाठी सुनेने लक्ष्मीपूजन अलीकडे ओढलं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू?

मग दहा वर्षांच्या लेकीला घेऊन कागदावर बसले. तिथी म्हणजेही कोनच. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. तीस तिथ्या, बारा अंश, ३६०. अमावास्या हा शेवटचा तुकडा, ३४८ ते ३६०. भारतात ती गुरुवारी दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास लागली आणि शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास संपली. एकूण २६ तास २४ मिनिटं. चंद्र तेव्हा मंद चालीत होता, बारा अंशांना इतका वेळ, म्हणजे एका अंशाला २ तास १२ मिनिटं.

लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतर, प्रदोषकाळी. पुण्यात गुरुवारी सूर्य मावळला तेव्हा अमावास्या होती आणि शुक्रवारी मावळला तेव्हाही होती, जेमतेम पंधरा मिनिटं उरलेली. दोन्ही संध्याकाळी अमावास्या, म्हणून भारतातही वाद झाला, आणि महाराष्ट्रात शुक्रवार धरला गेला. आता यातून साडेनऊ तास वजा करा. आपल्याकडे अमावास्या लागली गुरुवारी सकाळी ६:२२ ला, संपली शुक्रवारी सकाळी ८:४६ ला. मधे संध्याकाळ एकच, गुरुवारची. लेकीने तेही काढलं की त्या संध्याकाळी सहाला चंद्र सूर्याच्या सुमारे पावणेसात अंश मागे होता. शुक्रवारी संध्याकाळी आपल्याकडे प्रतिपदा लागून नऊ तास उलटले होते.

तो कागद तिने व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवला, पोळीच्या चित्रासकट. सासूबाईंनी चष्मा लावून वजाबाकी तपासली. हातचा साठाचा घेतलाय ना, तेही विचारलं. मग म्हणाल्या, "आज करा. आणि दोघींनी नवी साडी नेसा." लेक जादूगाराचा काळा झगा घालून तयार होती. परकर-पोलक्यावर तो झगा चढवून तिने आरती म्हटली, आणि या खेपेस फोनवरून कुणी काही बोललं नाही.

त्याच रविवारी, भाऊबीजेच्या पहाटे, इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि माझ्या भावाचा ठरलेल्या वेळेचा फोन आम्ही आंघोळीत असताना वाजून गेला, पण ते असो.

तेव्हापासून दर संकष्टीला सासूबाई लेकीला विचारतात, तुमच्याकडे चंद्रोदय कधी? त्यांचा चंद्र उगवल्यापासून आपला उगवेपर्यंत दहाएक तास जातात. तेवढ्यात तो सूर्यापासून आणखी पाच अंश दूर सरकलेला असतो. पाच गुणिले चार, साधारण वीस मिनिटं उशीर. अक्षांशामुळे होणारा फरक वेगळा, तो ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो आणि अजून आमच्या वर्गाच्या आवाक्यात आलेला नाही. मागच्या संकष्टीला लेकीने हे सांगितलं, तर आजी म्हणाली, "म्हणजे तुझ्या आईला वीस मिनिटं जास्त उपवास. तिला म्हणावं, साबुदाणा आधीच भिजत घाल."