सीईटीत ८६ पडले : चांगले की वाईट ?



सीईटीचा निकाल लागला की गट ऑफिसात ऊस नोंदीपेक्षा पोरांच्या मार्कांचीच चर्चा जास्त चालते. मागच्या निकालाच्या वेळी एकाच दिवशी दोन सभासद भेटले. पहिले पेढ्यांचा पुडा घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, तोंड गोड करा. पोरानं ७४ पाडले. फर्स्ट क्लास, बघा !" दुसरे त्यांच्या मागोमाग आले ते तोंड पाडून. मुलीला बारावीला ६७ टक्के आणि सीईटीत ८६.४. तालुक्याच्या गावच्या एका एजंटाने त्यांना सांगितले होते, "८६ ला आता काय मिळत नाही अण्णा. दीड लाख टोकन द्या, आजच्या आज सीट पक्की करतो." उसावर काही उचल मिळेल का, हे विचारायला ते आले होते.

पेढे आणणाराही चुकला होता आणि रडणाराही. दोघांनीही तो आकडा टक्के म्हणून वाचला होता. हा घोटाळा घरोघर होतो आणि त्यात पैसा जातो, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहे.

सीईटीच्या निकालावर जो आकडा छापून येतो त्याला पर्सेंटाइल म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला 'शततमक' असा शब्द आहे, पण तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून आपणही पर्सेंटाइलच म्हणू. टक्का आणि पर्सेंटाइल यांतला फरक आपल्या कारखान्यावरच पाहा. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली तर उतारा अकरा टक्के. शेजारच्या कारखान्याचा उतारा वाढो की घटो, आपला अकरा तो अकराच. हा झाला टक्का. आता यार्डात या. तुमची गाडी रात्री नंबरला लागली. शंभर गाड्यांत तुमच्या मागे किती उभ्या आहेत आणि पुढे किती, एवढेच तिथे महत्त्वाचे. गाडीत ऊस किती टन आहे याच्याशी त्या नंबराचा संबंध नाही. पर्सेंटाइल म्हणजे हा यार्डातला नंबर. ८६.४ म्हणजे शंभर मुलांत साधारण ८६ जण तिच्या बरोबरीने किंवा मागे, आणि साडेतेरा जण पुढे.

आता हा हिशेब खऱ्या संख्येवर करू. इंजिनियरिंगसाठी जो भौतिक, रसायन, गणित हा गट असतो, त्याला २०२५ साली राज्यात चार लाखांवर मुले बसली. सोयीसाठी चार लाखच धरू. म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुले. ९९ वाल्याच्या पुढे चार हजार, ९५ वाल्याच्या पुढे वीस हजार, ९० वाल्याच्या पुढे चाळीस हजार. आपल्या सभासदांच्या मुलीच्या पुढे साधारण चोपन्न हजार. आणि पेढेवाल्यांच्या मुलाच्या पुढे एक लाख चार हजार ! हे मी त्यांना तिथेच सांगितले नाही. पेढा खाल्ला, मुलाला ऑफिसात पाठवून द्या म्हणालो.

पेपर दोनशे मार्कांचा. भौतिक व रसायनाचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे. पैकी सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो, बाकी बारावीचा. या दोनशेत ७४ पर्सेंटाइलवाल्याचे खरे मार्क शंभराच्या आतच असणार. यात त्या मुलाची बदनामी नाही. त्याने लाखो मुलांना मागे टाकले आहे हेही तितकेच खरे. पण 'फर्स्ट क्लास' हा शब्द या कागदाला लागू होत नाही, आणि पस्तीसला पास-नापास हाही हिशेब इथे नाही.

कुणी म्हणेल, सरळ मार्क द्यायचे सोडून हा नंबराचा खटाटोप कशाला ? त्याचे कारण असे. २०१९ पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते. लाखो पोरांना एका दिवशी बसवता येत नाही, म्हणून बरेच दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत ती चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. कुठला सोपा निघतो, कुठला अवघड. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. नोव्हेंबरात तुटलेला को ८६०३२ आणि तोच ऊस जानेवारी-फेब्रुवारीत तुटलेला, यांचा उतारा सारखा येतो का ? नोव्हेंबरवाल्याला "तुझा ऊस हलका" म्हणणे अन्यायाचे. त्याची तुलना त्याच पंधरवड्यात आलेल्या इतर उसाशी केली तर न्याय होईल. सीईटीत तेच करतात. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी होते आणि मग सगळ्या सत्रांचे पर्सेंटाइल एकत्र मांडून राज्याची यादी लावतात. सत्रात सर्वांत पुढे असेल त्याला १००. तेव्हा १०० पर्सेंटाइल म्हणजे दोनशेपैकी दोनशे, असे मुळीच नाही.

यातून आणखी दोन शंका नेहमी निघतात. पहिली म्हणजे, तीन विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज करून तीनने भागले तर एकूण पर्सेंटाइल जुळत नाही, म्हणून निकालात चूक आहे असे वाटते. चूक नसते. एकूण मार्कांवरून नंबर पुन्हा स्वतंत्र लावतात. ती सरासरी नव्हे. दुसरी शंका : "दहा मार्क कमी पडले तर एवढा फरक कसा ?" त्याचे उत्तर एकरी टनेजमध्ये आहे. आपल्या गटात बहुतेक सभासद तीस ते पन्नास टनांच्या दरम्यान. तिथे दोन टन जास्त काढले तर तुम्ही कितीतरी जणांच्या पुढे जाता. पण नव्वदवरून शंभर टनांवर गेलात तर मागे पडणारे दोघे-चौघेच. मार्कांचेही तसेच. मधल्या गर्दीत पाच मार्कांत नंबर खूप हलतो, आणि वरच्या टोकाला ९८ चे ९९ करायला चांगलाच घाम गाळावा लागतो. म्हणून सीईटीत प्रश्न कोरा सोडू नये. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

मग चांगला आकडा कोणता ? याला एक उत्तर नाही, आणि जो एका वाक्यात सांगतो त्याच्यापासून जरा लांब उभे राहावे. तुम्हाला काय घ्यायचे आहे त्यावर ते ठरते. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय, त्यातही कॉम्प्युटर आणि तेही खुल्या प्रवर्गात, तर ९९.८ च्याही वर लागते. तिथे ९८ पडले तरी ते कमीच. सांगलीच्या वालचंद कॉलेजात कॉम्प्युटरसाठी ९८-९९ च्या घरात असावे लागते. पण त्याच कॉलेजांत शाखा बदलली की आकडा खाली उतरतो. शिवाय आपल्या भागात आता कॉलेजे पुष्कळ आहेत. पूर्वी पुणे, सांगली, कराड सोडले तर आपल्या पोरांना जागा नव्हती. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि प्रवरा, वारणा, राजारामनगर असा साखरेच्या पट्ट्यात कॉलेजांचा वेल पसरला. आज राज्यात इंजिनियरिंगच्या पावणेदोन लाखांवर जागा आहेत. चोपन्न हजार पुढे असणाऱ्या मुलीला "काहीच मिळणार नाही" हे अशा वेळी कोणत्या हिशेबाने ?

हा हिशेब करायला एजंट लागत नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे कट-ऑफ फेरीनिहाय दिलेले असतात. प्रत्येक कॉलेज, त्यातली प्रत्येक शाखा, प्रत्येक प्रवर्ग, मुलींच्या जागा वेगळ्या. आणि शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला व किती पर्सेंटाइलला झाला तेही. आम्ही त्या अण्णांच्या मुलीसाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे काढले. तासभर गेला. तिच्या प्रवर्गात, मुलींच्या जागांत, पन्नास मैलांच्या आत मागच्या वर्षी ८६ च्या खाली बंद झालेल्या चौदा जागा निघाल्या. चांगल्या कॉलेजातले कॉम्पुटर त्यात नव्हते, हे एजंटाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते. इलेक्ट्रॉनिक्स होते, इलेक्ट्रिकल होते. मुलगी म्हणाली, "मला इलेक्ट्रॉनिक्सच पायजे होतं, पण बाबांना कॉम्प्युटरच ठाऊक."

आणि पैशाची खरी गोष्ट पुढेच आहे. शासनाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्याच उत्पन्नाच्या मर्यादेत मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्म्या शिकवणी फीची सवलत आहे. पण हे सगळे केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातली सीट धरली की सवलत गेली. अण्णांनी दीड लाखाचे टोकन दिले असते तर ते गेले असतेच, वर चार वर्षांची पूर्ण फी त्यांच्या अंगावर आली असती. एजंटाने ही बाजू काढली नव्हती.

कॅपच्या पसंतीक्रमाबद्दलही एक सांगतो. २०२५ साली पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तीच घ्यावी लागे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळाली तरी तसेच. नियमांत दरसाल फेरबदल होतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी. पण म्हणूनच यादीत वर तेच लिहावे जे खरोखर हवे आहे. 'मिळेल का नाही' या भीतीने सोपे कॉलेज पहिल्या नंबरावर लिहिणारे दरवर्षी अडकतात.

आता दोन शब्द दुसऱ्या परीक्षांबद्दल, कारण लोक सगळे आकडे एकाच पोत्यात भरतात. जेईई मेनचाही पर्सेंटाइल असतो, पण तिथे यार्डच वेगळे. साऱ्या देशातली तयारीची पोरे त्या रांगेत असतात. जेईईत ८० आणि सीईटीत ९२ असे एकाच मुलाचे असले तर त्यात नवल नाही. २०२५ साली खुल्या यादीतून आयआयटीच्या पुढच्या परीक्षेला बसायला ९३.१० लागले. नुसते बसायला, प्रवेशाला नव्हे. आणि तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापतात.

नीटचे तर निराळेच. ती ७२० मार्कांची, आणि लोक मार्कच बोलतात. पण मार्कही वर्षावर अवलंबून. २०२४ ला पैकीच्या पैकी घेणारे शेवटच्या निकालात १७ होते; २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६ पडले. २०२४ साली ६०० मार्कांवाल्याच्या पुढे सत्तर हजारांवर मुले होती, २०२५ ला ६०० च्या वर दीड हजारही नव्हती. त्यामुळे "शेजाऱ्याच्या पोराला ६०० ला मिळालं नाही, मग आपल्या ५५० ला काय मिळणार" हे बोलणे फोल. तिथे क्रमांक विचारावा. आणि 'क्वालिफाय झाला' म्हणून बॅनर लावू नये. २०२५ ला क्वालिफाय झालेले बारा लाखांवर, एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाख-सव्वा लाख.

पेढेवाल्यांचा मुलगा दोन दिवसांनी ऑफिसात आला. हुशार आहे, उगाच गावगप्पांत रमला होता. यादी काढली, त्याच्या ७४ ला जिल्ह्यात सिव्हिल आणि मेकॅनिकल मिळत होते. त्याने मेकॅनिकल वर लिहिले. अण्णांच्या मुलीला दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रॉनिक्स मिळाले. पण तिचे नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्र निघता निघता तिसरी तारीख उजाडली होती आणि अण्णा तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसून होते. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर, जे जे आपल्याला लागू असेल ते, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच मागणीला टाकावे. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या मागे कुणाला सवड होत नाही.