बोटीचा डेक आणि बंद दार

कांदिवलीच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी मार्व्याहून मनोरीस, अथवा बोरिवलीकडून गोराईस जाताना खाडी ओलांडलेली असेल. होडी किनारा सोडते न सोडते तोच मुले एका कडेला गर्दी करतात आणि तांडेल ओरडतो, "मधे बसा, एका अंगाला जाऊ नका!" मुलांना ती दरडावणी रुचत नाही. मागील सुट्टीत मोठ्या प्रवासी जहाजातून गोव्यास जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने आमच्यापाशी असाच प्रश्न काढला. "सर, तिकिटाचे पैसे पुरे भरले होते, तरी वरच्या उघड्या डेकचे दार संध्याकाळी बंद केले. आम्हांला अडविण्याचा त्यांना काय अधिकार?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठीच येथे लिहीत आहोत.

प्रथम एक गंमत ध्यानात घ्यावी. आज उघड्या डेकवरील वारा ही चैनीची वस्तू झाली आहे. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त, आणि स्वतंत्र सज्जा असलेली खोली महाग. कोकणच्या आगबोटींत नेमके उलट असे. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणाऱ्या बोटींत डेकचे तिकीट हे गरिबाचे तिकीट होते. गिरणीतला कामगार वळकटी पसरून, गाठोडे उशाला घेऊन, डेकवरच रात्र काढी. खोलीत निजे तो पैसेवाला. अशा खाटेविना जाणाऱ्या उतारूंसाठी, विशेषतः हजच्या यात्रेकरूंसाठी, १९३१ साली सिमला येथे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. पुढे १९७१ व १९७३ साली त्यांची जागा नव्या करारांनी घेतली आणि प्रत्येक उतारूस किती जागा असावी हेही त्यांत निश्चित झाले. म्हणजे डेकवर किती माणसे असावीत, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जिवाचा आहे, हे जगाने मान्य केले.

तो जिवाचा कसा, ते पाहू. जहाज पाण्यावर सरळ उभे राहते, कारण यंत्रे, इंधन इत्यादी जड भार तळाशी असतो व त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य खाली राहतो. माणसे वरच्या मजल्यावर चढली की तो मध्य वर सरकतो; आणि ती सारी एका बाजूस धावली की तो त्या बाजूसही सरकतो. प्रचंड जहाजास काही शे माणसांचे ओझे जाणवत नाही. लहान बोटीस मात्र तेच प्राणघातक ठरते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात सापडली. लाटेने बोट एका अंगास कलताच भयभीत उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली, असे सांगतात. सहाशेंहून अधिक माणसे त्या दिवशी बुडाली. त्यांना दोष देणारे आम्ही कोण? बुडण्याचे भय वाटताच मनुष्य धावणारच. म्हणूनच भयाची वेळ येण्यापूर्वीच शिस्त अंगी बाणावी लागते. खाडीतल्या तांडेलाच्या ओरडण्यात हाच अर्थ साठविलेला आहे.

मोठ्या जहाजावर दार बंद होते, त्याचे मुख्य कारण बहुधा वारा हे असते. समजा, समोरून २५ नॉट वेगाचा वारा येत आहे व जहाज २० नॉट वेगाने त्याच्यावर चालून जात आहे. डेकवरील माणसास तो वारा ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने लागेल. खाली जेवणघरात बसलेल्यास ह्याची वार्ताही नसते. परंतु वर ओल्या फळ्यांवर वृद्ध मनुष्याचा पाय ठरणार नाही, खुर्च्या उडतील, आणि रात्री कोणी पाण्यात पडला तर त्यास शोधणे अत्यंत दुर्घट. जहाजाच्या नाळेकडील भाग तर पुष्कळदा उतारूंना बंदच असतो, कारण तेथे नांगराचे साखळदंड व दोर ओढणारी यंत्रे असतात. ताणलेला दोर तुटल्यास तो माणसाचा प्राण घेऊ शकतो.

परंतु सर्वच बंद दारे अशी हितकारक नसतात, हेही सांगितले पाहिजे. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजावर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फिरण्यास निराळी जागा होती. अमेरिकेच्या कायद्यामुळे देशांतरास निघालेल्या ह्या लोकांना इतरांपासून वेगळे ठेवण्यासाठी फाटके बसविलेली होती. आणि जीवरक्षक होड्या होत्या त्या पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या डेकवर. जहाज बुडू लागले तेव्हा अनेकांना वरची वाट सापडली नाही. पहिल्या वर्गातील शेकडा साठांहून अधिक माणसे वाचली. तिसऱ्या वर्गातील सुमारे पंचवीसच.

तेव्हा बंद दारापुढे उभे राहिल्यावर विचारावे, हे दार सर्वांना सारखेच बंद आहे काय? आणि संकटात ते सर्वांना सारखेच उघडेल काय? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ते दार रक्षणाचे. मुकाट्याने मागे फिरावे. उत्तर 'नाही' असेल, तर ते भेदाचे, आणि त्याविरुद्ध बोलणे हे कर्तव्य होय. उतारूचा खरा हक्क हवा खाण्याचा नव्हे, तर संकटसमयी डेकवर पोहोचण्याचा आहे. म्हणून जहाज निघताना जीवरक्षणाची जी कवाईत घेतात, ती कोणी चुकवू नये. आपल्या खोलीपासून आपल्या नेमलेल्या जागेपर्यंतची वाट एकदा स्वतः चालून पाहावी.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातील पौलाचा प्रवास आमच्या मुलांना परिचित आहे. त्या तारवावर २७६ माणसे होती. वादळात खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडीतून पळू पाहत होते. पौलाने ते ओळखले, आणि शिपायांनी दोर कापून होडी सोडून दिली. पुढे त्याच शिपायांनी बंदिवानांना मारण्याचा बेत केला. तो शताधिपतीने मोडला. शेवटी कोणी पोहत, कोणी फळीवर, असे बंदिवान व अधिकारी सारेच माल्टाच्या किनाऱ्यास लागले. एकालाही पळू दिले नाही आणि एकालाही टाकून दिले नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास ह्याहून निराळे उत्तर आम्हांस सुचत नाही.