विश्लेषण : पतीपत्नीचे ‘भले’ कायद्यात कसे आले? कॅथलिक चर्चच्या विवाह कायद्यातील दोन शब्दांवरचा वाद काय?

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून घटस्फोटाचा निकाल हाती पडतो. वसईत किंवा माहीममध्ये राहणारी एखादी कॅथलिक तरुणी पुढे दुसऱ्या लग्नाचा विचार करते, चर्चमध्ये चौकशीला जाते आणि तिथे धर्मगुरू सांगतात, ‘तुझे पहिले लग्न आमच्या नोंदीत अजून उभे आहे.’ सरकारी कायद्याने ती मोकळी झालेली असते, चर्चच्या कायद्याने नसते. चर्चमध्ये दुसरे लग्न लावायचे तर पहिले लग्न मुळात झालेच नव्हते, हे चर्चच्या न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे लागते. या खटल्यांत गेली चाळीस वर्षे एक छोटा शब्दप्रयोग पुन:पुन्हा चर्चेत येतो. लॅटिनमध्ये तो आहे ‘बोनुम कोनियुगुम’, म्हणजे पतीपत्नीचे भले. हे भले म्हणजे नेमके काय, यावर रोमच्या न्यायाधीशांमध्येही एकमत नाही.

कायद्यात ‘भले’ हा शब्द आला कुठून?

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०१ च्या सुमारास विवाहाच्या चांगुलपणावर एक पुस्तिका लिहिली. ब्रह्मचर्य श्रेष्ठ म्हणून लग्न वाईट, असे म्हणणारे लोक त्या काळी होते. त्यांना उत्तर देताना ऑगस्टीन यांनी लग्नाची तीन ‘बोना’, म्हणजे तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या : संतती, एकनिष्ठा आणि कधीही न तुटणारे पवित्र बंधन. पुढे शतकानुशतके चर्चचे न्यायाधीश याच तीन कसोट्या लावत आले. लग्नाच्या वेळीच ज्याने मनातून मूल नाकारले, एकनिष्ठा नाकारली किंवा ‘जमले नाही तर सोडून देऊ’ असे पक्के ठरवले, त्याची संमती खोटी आणि म्हणून ते लग्न शून्य.

या तिन्ही कसोट्या लग्न नावाच्या संस्थेच्या हिताच्या आहेत. त्या संस्थेत राहणाऱ्या दोन माणसांचे काय, हा प्रश्न या यादीत नव्हता.

१९१७ च्या संहितेत काय होते?

कॅथलिक चर्चचे विखुरलेले नियम पहिल्यांदा एका संहितेत आले ते पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या काळात, १९१७ मध्ये. त्या संहितेने लग्नाच्या हेतूंची उतरंड लावली. पहिला हेतू संततीला जन्म देणे आणि तिचे संगोपन. दुय्यम हेतू परस्परांना मदत आणि वासनेवर उतारा. संमती म्हणजे काय, तर संततीला योग्य अशा क्रियेसाठी एकमेकांच्या शरीरावर कायमचा आणि दुसऱ्या कोणाला न मिळणारा हक्क देणे-घेणे. आज ही भाषा खरेदीखतासारखी वाटते, आणि बऱ्याच अंशी ती तशीच होती. नवरा बायकोशी कधी प्रेमाने बोलला का, तिला माणूस म्हणून वागवले का, हे प्रश्न न्यायाधीशाच्या कक्षेबाहेर राहिले.

जर्मनीतील धर्मगुरू हर्बर्ट डोम्स यांनी १९३५ मध्ये वेगळी मांडणी केली. लग्नाचा अर्थ आधी दोघांच्या एकत्वात आहे, संतती त्यातून येते, असे त्यांचे म्हणणे. रोमला ते मानवले नाही. १ एप्रिल १९४४ रोजी व्हॅटिकनच्या ‘होली ऑफिस’ या खात्याने हुकूम काढून हेतूंची जुनी उतरंड कायम असल्याचे स्पष्ट केले.

मग बदल कसा झाला?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये मंजूर केलेल्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तावेजात लग्नाला ‘जीवन आणि प्रेम यांची जवळची भागीदारी’ म्हटले गेले. ‘पहिला’ आणि ‘दुय्यम’ हेतू ही भाषा तिथे नव्हती. चार वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९६९ रोजी, ‘रोमन रोटा’ या चर्चच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश लुसियन आने यांनी एका निकालात लिहिले की, लग्नाच्या संमतीत सहजीवनाचा हक्कही येतो. चर्च कायद्याचे अभ्यासक अजूनही या निकालाकडे परत परत जातात.

२५ जानेवारी १९८३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी नवी संहिता जाहीर केली. तिच्या कॅनन १०५५ मध्ये, म्हणजे १०५५ व्या कलमात, लग्न हा स्त्री आणि पुरुष यांनी केलेला संपूर्ण आयुष्याच्या भागीदारीचा करार ठरला. स्वभावत:च पतीपत्नीच्या भल्याकडे आणि संततीच्या जन्म-संगोपनाकडे रोख असलेला. ‘करार’ इथे बायबलमधल्या, देव आणि त्याची प्रजा यांच्यातील कराराच्या अर्थाने, खरेदी-विक्रीच्या नव्हे. पतीपत्नीचे भले आधी, संतती नंतर, आणि दोन्हींत उतरंड नाही. केरळमधील सिरो-मलबारसारख्या पौर्वात्य चर्चना लागू असलेल्या १९९० च्या वेगळ्या संहितेतही हेच शब्द आहेत.

पण त्यांची व्याख्या मात्र कुठेच दिलेली नाही.

‘भले’ झाले नाही, तर लग्न शून्य?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. कायदा ‘भले झाले का’ असे विचारत नाही, तर ‘भल्याकडे रोख होता का’ असे विचारतो, आणि तेही लग्नाच्या दिवशी. लग्नानंतर दहा वर्षांनी नवरा दारूच्या आहारी गेला, घर उद्ध्वस्त झाले, तरी तेवढ्यावरून लग्न शून्य ठरत नाही. मात्र लग्नाला उभे राहतानाच त्याला बायको नव्हे, आईवडिलांची सेवा करणारी बिनपगारी मोलकरीण हवी होती आणि तिला जोडीदाराचे स्थान द्यायचेच नाही असे त्याचे ठरलेले होते, हे पुराव्याने सिद्ध झाले, तर चित्र बदलू शकते.

दुसरा रस्ता कॅनन १०९५ चा. मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्ये पेलण्यास जी व्यक्ती असमर्थ आहे, तिची संमती या कलमाने ग्राह्य धरली जात नाही. जोडीदाराचे भले साधणे हे अशा कर्तव्यांपैकी एक आहे का? बरेच न्यायाधीश हो म्हणतात. समानतेने वागवणे, आदर, काळजी, भावनिक साथ यांचा किमान गाभा त्यात येतो, असे ते मानतात. दुसऱ्या बाजूचे न्यायाधीश म्हणतात की, हे भले ऑगस्टीनच्या तीन गोष्टींतच सामावलेले आहे, त्याची वेगळी कसोटी नको. नाहीतर प्रत्येक दु:खी लग्न शून्य ठरेल. त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. जॉन पॉल दुसरे यांनीच ५ फेब्रुवारी १९८७ रोजी रोटाच्या न्यायाधीशांना बजावले होते की, लग्न शून्य ठरते ते असमर्थतेमुळे, अडचणीमुळे नव्हे.

गंमत म्हणजे, ज्या मुलाबाळांभोवती जुना कायदा फिरत होता, ती न होणे हे कारण तेव्हाही चालत नव्हते आणि आताही चालत नाही. वंध्यत्वामुळे लग्न शून्य होत नाही, असे संहिता स्पष्ट सांगते. मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणाऱ्यांना चर्चच्या कायद्यात आधार नाही.

मारहाण होत असेल, तर न्यायाधिकरणाची वाट पाहायची का?

मुळीच नाही. ‘सहन कर, हा तुझा क्रूस आहे’ असे सांगणारे नातेवाईक अनेक कॅथलिक घरांत भेटतात. कायदा तसे सांगत नाही. कॅनन ११५३ नुसार जोडीदारामुळे स्वत:च्या किंवा मुलांच्या मनाला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याचे ते रास्त कारण आहे. थांबण्यात धोका असेल, तर बिशपच्या परवानगीची वाट न पाहता स्वत:च्या निर्णयाने घर सोडता येते. यात लग्न मोडत नाही, फक्त एकत्र राहण्याचे कर्तव्य थांबते. हे कलम लग्नाच्या तयारी वर्गात ठळकपणे शिकवले जायला हवे.

खटला चालतो कसा?

सुरुवात लग्नाच्या बाजूने होते. कॅनन १०६० प्रमाणे प्रत्येक लग्न वैध धरले जाते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. समोरच्या जोडीदाराला नोटीस जाते, साक्षीदार तपासले जातात आणि मानसिक कारणांच्या खटल्यात तज्ज्ञाचे मत घेतले जाते. ‘बंधनाचा रक्षक’ नावाचा एक अधिकारी असतो. लग्न वैध होते या बाजूने जे काही वाजवी मुद्दे असतील, ते मांडणे हे त्याचे काम. साधारणपणे तीन न्यायाधीश निकाल देतात. त्यांतील अध्यक्ष धर्मगुरू असावा लागतो, उरलेले दोघे सामान्य श्रद्धावंतही असू शकतात.

१७४१ पासून एक जाचक अट होती. एकाच खटल्यात लग्न शून्य असल्याचे दोन न्यायालयांनी एकापाठोपाठ सांगितल्याशिवाय निकाल अंतिम होत नसे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती काढून टाकली. आता अपील झाले नाही तर पहिलाच निकाल पुरतो. दोघांची संमती असेल आणि पुरावा उघड असेल, तर बिशप स्वत: छोट्या प्रक्रियेत निर्णय देऊ शकतात. खटले शक्यतो विनामूल्य चालावेत, असेही पोपनी सांगितले. ८ डिसेंबर २०१५ पासून हे बदल लागू झाले.

एक भीती अर्जदारांना, विशेषत: आयांना, हमखास असते : लग्न शून्य ठरले तर मुले अनौरस ठरतील का? नाही. किमान एका जोडीदाराने प्रामाणिकपणे केलेल्या अशा लग्नातील मुले औरसच राहतात, हे कॅनन ११३७ ने निश्चित केले आहे.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक पेच येतो. घटस्फोटित हिंदू तरुणाला कॅथलिक मुलीशी चर्चमध्ये लग्न करायचे असेल, तर त्याचे पहिले लग्नही चर्च वैधच धरते, मग ते मंगल कार्यालयात लागलेले असो की नोंदणी कार्यालयात. त्यासाठी काही वेगळ्या वाटा आहेत. पण ‘माझा चर्चशी काय संबंध’ म्हणून त्याला सुटका नाही.

आणि भारतीय कायदा?

इथे फसगत महागात पडते. चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न शून्य ठरवले, म्हणून सरकारी कायद्याने ते संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यातील महिलेचे पहिले लग्न चर्चने शून्य ठरवले होते, पण दिवाणी न्यायालयाचा निकाल नव्हता. त्यामुळे तिचे दुसरे लग्न बेकायदा ठरले. चर्चच्या निर्णयाला कायदेशीर मान्यता द्यावी, अशी मागणी करणारी याचिकाही न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. गोव्याची वाट वेगळी होती. तिथे पोर्तुगीज राजवटीतील १९४६ च्या हुकूमनाम्यामुळे चर्चच्या अशा निर्णयांना दिवाणी मान्यता मिळण्याची सोय मुक्तीनंतरही चालत आली.

महाराष्ट्रातील कॅथलिक जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. त्यात परस्पर संमतीने घटस्फोटाचे कलम आले २००१ मध्ये. त्याआधी ख्रिस्ती पत्नीला केवळ नवऱ्याच्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे. सोबत क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नवऱ्याला मात्र पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. म्हणजे पतीपत्नीचे भले चर्चच्या संहितेत आल्यानंतरही तब्बल १८ वर्षे देशाच्या कायद्यात ख्रिस्ती बायकोचे पारडे हलकेच राहिले.

या सगळ्याच्या शेवटी कोणते ‘भले’?

१९८३ च्या संहितेत एकूण १७५२ कलमे आहेत. अगदी शेवटच्या कलमात ‘आत्म्यांचे तारण हा चर्चमधला नेहमीच सर्वोच्च कायदा’ असे वाक्य आहे, आणि ते आले आहे धर्मगुरूंच्या बदल्यांच्या नियमात. कार्यालयीन वाटावे अशा त्या जागेतील वाक्याचा आधार दोन्ही बाजू घेतात. लग्नाचे बंधन जपणारेही घेतात आणि शून्य झालेल्या नात्यात माणसाला अडकवून ठेवू नका म्हणणारेही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ चे बदल करताना याच तत्त्वाचा दाखला दिला होता. रोटाचे न्यायाधीश मात्र पतीपत्नीचे भले म्हणजे नेमके काय, हे अजूनही प्रत्येक खटल्यागणिक ठरवत आहेत.