जुन्या एमजीबीला तेल कोणतं?

मंडळी, आज एकच गाडी घेऊ. एमजीबी. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक निघाल्या, पुष्कळशा अमेरिकेत गेल्या, आणि बऱ्याच अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांचा नेहमीचा प्रश्न असा, की दुकानात सगळ्यात नवं आणि सगळ्यात महाग तेल मिळतंय, तर तेच का घालू नये?

यासाठी इंजिनात डोकावावं लागेल. १७९८ सीसीचं हे इंजिन, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटच्या चपट्या बुडावर घासत फिरतो. टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आजच्या बऱ्याच इंजिनांत त्या जागी रोलर असतो, तो घरंगळतो. इथे मात्र घासणंच. लोबचं टोक टॅपेटला टेकतं ते एका बारीक रेघेवर, आणि स्प्रिंगचा सगळा जोर त्याच रेघेवर. तिथे नुसत्या तेलाचा थर टिकत नाही. मग वाचवतं कोण? तेलात मिसळलेलं झिंक आणि फॉस्फरसचं एक रसायन. नाव लांबलचक आहे, गॅरेजात सगळे 'झेडडीडीपी' म्हणतात. दाब आणि उष्णता वाढली की ते धातूवर काचेसारखा पातळ लेप धरतं. लेप झिजतो, पुन्हा धरतो.

आता अडचण कुठे आली? हाच फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००४ च्या 'एसएम' वर्गात ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमधला फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्क्यांवर आणला. नव्या इंजिनांची रचना तेवढ्यात भागवून घेते. नवा वर्ग जुन्या सगळ्या गाड्यांना चालतो, असं आपल्याला सांगितलं जातं. चपट्या टॅपेटच्या बाबतीत मला ते पटत नाही. लोब एकदा गोल झाला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, गाडीचा दम जातो, आणि झिजलेला धातू तेलातून फिरत राहतो. तेल बदलून कॅम भरून येत नाही. इंजिन उघडावं लागतं. कॅम नवीन बसवली असेल तर पहिली वीस मिनिटं सगळ्यात धोक्याची.

दुसरी गोष्ट दाटपणा. पाठ्यपुस्तकात विष्यंदिता म्हणतात. या गाडीसोबत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला ग्रेड २०डब्ल्यू-५०. जुन्या इंग्रज मालकांना डकहॅम्सचं हिरवं तेल अजून आठवतं. आपल्याकडेही जुन्या मोटरसायकलींमुळे हा आकडा ओळखीचा आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं. मागचा ५० हा आकडा १०० अंश सेल्सियसला तेल किती दाट राहतं ते सांगतो: १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स. ३० नंबरचं तेल त्याच तापमानाला ९.३ ते १२.५, जवळपास निम्मं. या इंजिनाची बेअरिंगं आणि ऑइल पंप दाट तेलाच्या हिशेबाने केलेले. गरम इंजिन चालताना ऑइल प्रेशर साधारण ५० ते ८० पीएसआय हवं. पातळ तेल घातलं की काटा खाली येतो, आणि मागच्या बाजूने ठिबकणं वाढतं. (हशा) हो, ठिबकत तर ती आधीपासूनच असते.

पण दाट म्हणजे चांगलं, असंही नाही. थंड इंजिनात अति दाट तेल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. कडाक्याच्या थंडीसाठी पातळ ग्रेडच बरा.

मिनरल की सिंथेटिक? यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते हा दुय्यम प्रश्न आहे. २०डब्ल्यू-५० ग्रेडला ती फॉस्फरसची मर्यादा लागू नाही, पण म्हणून कंपनीने तो भरपूर घातलाच असेल असंही नाही. तेव्हा डब्यावरचं चित्र बघू नका, त्या तेलाचं तांत्रिक माहितीपत्रक मागा आणि फॉस्फरसचा आकडा शोधा. ०.१० ते ०.१२ टक्के असेल तर उत्तम. आकडा देतच नसतील तर दुसरं तेल बघा. आणि गाडी वर्षात हजार किलोमीटरच फिरली तरी वर्षाला तेल बदला. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पाणी आणि आम्ल चेंबरमध्ये साठतं.

प्रश्न आलाय, की झिंकची वेगळी बाटली मिळते ती ओतावी का? तेल योग्य निवडलं असेल तर नको. तेलातली रसायनं एकमेकांच्या हिशेबाने बसवलेली असतात, आणि झेडडीडीपी फार झालं तर तेही धातूला खातं.

ट्रकचं १५डब्ल्यू-४०? अमेरिकेत काही जण वापरतात, त्यात फॉस्फरस बहुधा जास्त असतो म्हणून. अडीनडीला चालेल. पण २०डब्ल्यू-५० मिळत असताना मी नाही घालणार.