पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट

आपल्या पांढुर्णा-सौसरकडे कोणी फिक्कट दिसलं की ‘रक्त कमी आहे’ म्हणतात आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण काहींना गोळ्या खाऊनही फरक पडत नाही. हाडं ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. तिथे रक्त कमी का झालं, हे शोधणारा डॉक्टर लागतो. तो हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, त्यावर तीन वर्षं डीएम. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, रक्ताचा कॅन्सर हे सगळं त्याच्याकडे येतं. आपल्या भागात मुख्य म्हणजे सिकलसेल.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी. त्याला लोह काय करणार? हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली, तर दुखण्याचे झटके कमी होतात.

हा आजार फक्त आदिवासींचा, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. तसं नाही, विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आढळतो, आणि आपली सोयरीक तर नागपूर-अमरावतीपर्यंत. १ जुलै २०२३ला याच मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरलेली आहे.

खरी अडचण लग्नाच्या वेळी येते. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून कळत नाही; कळलं तर लपवतात, मुलीचं तर हमखास. वाहकाचं लग्न निरोगी व्यक्तीशी झालं, तर मूल फार तर वाहक होतं, आजारी नाही. दोघेही वाहक असले, तर मात्र दर खेपेला आजाराची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

परिचय मेळाव्याच्या बायोडाटात आपण गोत्र लिहितो, नाडी लिहितो. मला वाटतं, सिकलसेलचाही रकाना हवा. सोल्युबिलिटी टेस्ट साधी असते; ती पॉझिटिव्ह आली, तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण ते कळतं. लग्न झालेलं असेल आणि दोघे वाहक असतील, तर दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते.