मज्जापेशीची जन्मतारीख

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर हा सर्वांत जुना असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? नव्या पेशी खाली तयार होतात आणि आधीच्या पेशींना वर ढकलत राहतात. अंघोळीच्या वेळी टाच वज्रीने घासली की निघून जातात त्या या म्हाताऱ्या, मेलेल्या पेशी.

मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्यक किंवा कॉर्टेक्स, हाही आत तयार झालेल्या पेशींचाच बनतो. तेव्हा तेथेही सर्वांत बाहेरच्या पेशी सर्वांत जुन्या असणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात नेमके उलटे असते! हे कसे कळले ती हकिकत मोठी रंजक आहे. विषय जीवशास्त्राचा असला तरी कोडे सोडवायला किरणोत्सार उपयोगी पडला, म्हणून माझ्यासारख्या पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला तिचे विशेष कौतुक वाटते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. तीन आठवड्यांचा मानवी गर्भ जेमतेम तिळाएवढा असतो. त्याच्या पाठीकडील बाजूस पेशींची एक पट्टी जाड होते, तिच्या कडा उचलल्या जाऊन पन्हळीसारखा आकार येतो आणि शेवटी कडा एकमेकींना मिळून नळी बनते. पुढच्या टोकाचा मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. सुमारे २८व्या दिवसापर्यंत नळीची दोन्ही तोंडे बंद व्हावी लागतात. ती झाली नाहीत तर बाळात कण्याचे किंवा मेंदूचे गंभीर व्यंग राहते. पुष्कळदा आईला आपल्याला दिवस गेले आहेत, याची तोपर्यंत कल्पनाही नसते. फोलिक आम्लाच्या गोळ्यांनी हा धोका बराच कमी होतो, हे १९९१ साली एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. म्हणूनच डॉक्टर त्या गोळ्या आधीपासून घ्यायला सांगतात.

या नळीच्या आतल्या भिंतीपाशी पेशींचे विभाजन धडाक्याने सुरू होते. मोठ्या माणसाच्या बाह्यकात सुमारे १६ अब्ज मज्जापेशी असतात (तुमच्या पुस्तकात यांनाच चेतापेशी म्हटले असेल) आणि त्या जवळजवळ सगळ्या गर्भाच्या पहिल्या सहा महिन्यांत तयार होतात. भागाकार करून पाहा: सरासरी मिनिटाला ६० हजार! मज्जापेशी म्हणून जन्मलेली पेशी पुन्हा विभागत नाही. तिचे शेवटचे विभाजन हीच तिची जन्मतारीख, आणि जन्मताच ती प्रवासाला निघते.

पण एकसारख्या दिसणाऱ्या कोट्यवधी पेशींतून कोण कधी जन्मली हे ओळखायचे कसे? अँजेव्हिन आणि सिडमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ साली यासाठी ट्रिटियम वापरला. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत काढते आणि त्यासाठी तिला थायमिडीन नावाचे द्रव्य लागते. ट्रिटियम घातलेले थायमिडीन गाभण उंदरांना टोचले, की त्या सुमारास विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये ते जाऊन बसते. जी पेशी नंतरही विभागत राहते तिच्यातील ट्रिटियम दर खेपेस निम्मे होत जाते. जिचे ते शेवटचेच विभाजन असते, तिच्यात मात्र ते भरपूर टिकून राहते.

पिल्ले जन्मल्यावर मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांवर छायाचित्रणाच्या फिल्मला असतो तसा लेप दिला आणि ते अंधारात ठेवून दिले. ट्रिटियममधून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन अतिशय दुबळे; बहुतेक एक-दोन मायक्रॉन जाऊन थांबतात. हा दुबळेपणाच येथे कामी आला. लेपावर काळे ठिपके उमटतात ते बरोबर त्या पेशीच्याच डोक्यावर, शेजारणीच्या नव्हे.

अकराव्या दिवसाच्या सुमारास खूण केलेल्या पेशी बाह्यकाच्या खोल थरांत सापडल्या आणि सतराव्या दिवसाच्या सुमारास खूण केलेल्या अगदी वरच्या थरांत. म्हणजे उशिरा जन्मलेली प्रत्येक पेशी आधीच्यांच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्याही पलीकडे जाऊन बसली होती. एस.टी.त आधी चढलेल्यांनी दारापाशीच्या जागा धराव्यात आणि मागून येणाऱ्यांना त्यांना ओलांडून थेट शेवटच्या बाकापर्यंत जावे लागावे, तसा हा प्रकार!

गर्दीत वाट सापडते कशी? १९७२ साली पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भाच्या मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा आतल्या भिंतीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे ताणलेले धागे दिसले आणि त्यांना बिलगून वर सरकणाऱ्या मज्जापेशी दिसल्या. हे धागे विशेष प्रकारच्या आधारपेशींचे असतात. पुढे असेही आढळले की या आधारपेशी स्वतः विभागून मज्जापेशींना जन्म देतात. आईनेच आपला हात धरून चढायला दिल्यासारखे हे आहे. अर्थात सगळ्याच मज्जापेशी अशा चढत नाहीत; काही प्रकारच्या पेशी दुसऱ्याच भागात जन्मून आडव्या वाटेने बाह्यकात शिरतात.

थांबायचे कोठे, हे सांगणारी खूणही असावी लागते. एडिंबरोच्या फाल्कनर यांनी १९५१ साली झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांची एक आनुवंशिक जात नोंदवली. त्यांच्या बाह्यकात थरांचा क्रम जवळजवळ उलटा आढळला. नव्या पेशींना जुन्यांना ओलांडता येत नव्हते. त्या खालीच अडकत होत्या. यामागील बिघडलेले जनुक १९९५ साली सापडले. निरोगी मेंदूत या जनुकाच्या साहाय्याने रीलिन हे प्रथिन बनते आणि ते सर्वांत बाहेरच्या थरातील पेशी सोडतात.

थर चुकला तर एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. प्रत्येक थराचे काम वेगळे असते. खोल थरांतील पेशी आपले लांब तंतू मज्जारज्जूपर्यंत आणि मेंदूच्या आतल्या केंद्रांकडे पाठवतात, वरच्या थरांतील पेशी बाह्यकाच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडतात. हे काम केव्हा ठरते? सुझन मॅककॉनेल यांनी फेरेट या प्राण्याच्या पिल्लांत खोल थरासाठी तयार होत असलेल्या पेशी वयाने मोठ्या मेंदूत बसवून पाहिल्या. शेवटच्या विभाजनाची डीएनए-प्रत पुरी होण्याआधी हलवलेल्या पेशींनी नव्या घराची रीत उचलली आणि त्या वरच्या थरात गेल्या. त्यानंतर हलवलेल्या मात्र आपल्या ठरल्या खोल थरातच उतरल्या.

हा काळ किती नाजूक असतो ते १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे फार कठोर रीतीने दिसले. अणुबाँब पडले तेव्हा पोटात असलेल्या मुलांची पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. ओताके आणि शल यांनी १९८४ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार गंभीर मतिमंदत्वाचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांत. ८ आठवड्यांच्या आतील गर्भांत तशी वाढ आढळली नाही. बाह्यकाच्या पेशी झपाट्याने जन्मून वर चढत असतात तो हाच काळ. ट्रिटियमच्या दुबळ्या किरणोत्साराने ज्या प्रवासाचा माग काढता येतो, तोच प्रवास प्रखर किरणोत्साराने कायमचा बिघडतो.

बाँबच्या चाचण्यांतून मात्र एक अनपेक्षित उत्तरही मिळाले. जन्मानंतर बाह्यकात नव्या मज्जापेशी येतात का, हा जुना वादाचा प्रश्न. १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला आणि पुढे प्रमाण उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्या डीएनएत येतो. पेशीचे शेवटचे विभाजन झाले की तिच्या डीएनएतील कार्बन सहसा बदलत नाही. जणू त्या वर्षाचा शिक्काच बसतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या बाह्यकातील मज्जापेशींवरचा हा शिक्का वाचला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो प्रत्येकाच्या जन्माच्या सुमारच्या हवेशी जुळला, म्हणजे त्या मज्जापेशी माणसाच्याच वयाच्या होत्या. त्यांच्या शेजारच्या आधारपेशी मात्र वयाने लहान निघाल्या.