उजेडाचा पत्रा
कामाची जागा : लेखांक ९

छपरावर उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा पाऊस अडवतो, पण माणसाचे वजन पेलत नाही. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी जिनिंग, डाळ मिल, फॅब्रिकेशनची शेड, सोयाबीन-हरभऱ्याची गोदामे अशा बहुतेक छपरांत मधूनमधून असा एखादा पत्रा घातलेला असतो. शेजारच्या लोखंडी किंवा सिमेंटच्या पत्र्याला जशा पन्हाळी, तशाच यालाही. आत उभे राहून पाहिले तर तो उजळ पट्टा लगेच डोळ्यांत भरतो. वरून तो वेगळा कळेलच असे नाही, आणि पडणारा माणूस वरच असतो.

या भागातल्या जुन्या धाब्याच्या घरांत उजेड यावा, धूर निघावा म्हणून छताला भोक ठेवत. त्याला सवणे किंवा साणे म्हणत. पावसात त्यावर झाकण पडे, एरवी ते उघडेच. धाब्यावर मिरच्या वाळत घालायला चढलेल्या बाईला ते कुठे आहे हे पाठ असे, कारण भोक भोकासारखेच दिसे. फायबरच्या पत्र्याने नेमकी तीच खूण पुसली. भोक राहिले, ते दिसायचे तेवढे थांबले.

हा पत्रा काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांचा असतो, जाडी दीड-दोन मिलिमीटर. उन्हातल्या अतिनील किरणांनी राळ झिजते, तंतू उघडे पडतात, पत्रा पिवळा आणि ठिसूळ होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात दहा-बारा वर्षे तापलेला पत्रा नव्यासारखा वागेल, अशी अपेक्षाच चूक. त्यावर जिनिंगमधून उडालेली रुईची फुसकी, धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ साचते. कधी गळती थांबवायला सगळ्या छपरावर एकच रंग किंवा डांबर फिरवले जाते, आणि मग जुन्या मिस्त्रीलाही कोणता पत्रा कोणता हे सांगता येत नाही. सिमेंटचा जुना पत्राही याच माळेतला. तो दिसतो दगडासारखा, पण पायाखाली काचेसारखा तडकतो.

छपरावर चढण्याचा हंगाम ठरलेला असतो. मे महिन्यात वळवाचे वादळ पत्रे उचकटते, वानरे उड्या मारून कोपरे फोडतात, आणि मृग लागायच्या आत गळती बंद करायची घाई असते. दुपारी लोखंडी पत्र्यावर हात टेकवत नाही, म्हणून काम भल्या सकाळी उरकतात. तेव्हा तिरपे ऊन डोळ्यांवर येते आणि पन्हाळींच्या सावल्यांत सगळे पत्रे सारखे दिसतात. वर चढणारा बहुधा कारखान्याच्या हजेरीपटावरचा नसतो. तो रंगारी असतो, वेल्डर असतो, सौर पॅनल बसवणारा असतो, नाहीतर ‘जरा बघून ये’ म्हणून पाठवलेला हमाल. कोणता पत्रा टाळायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पत्र्याखालच्या आधाराच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे पर्लिनवर, बोल्टांची ओळ असते. त्या ओळीवर पाय ठेवत चालले की काही होत नाही, असा जाणत्यांचाही समज आहे. सिमेंटच्या पत्र्याखाली दोन पर्लिनमधले अंतर सुमारे १.४ मीटर, तर पर्लिनची रुंदी पाच-सात सेंटिमीटर, म्हणजे चपलेपेक्षा कमी. दोन्ही हातांत पत्रा धरून, वाऱ्यात, मागे पाऊल टाकत जाणाऱ्याला ती ओळ दिसतही नाही. सहा मीटरवरून खाली यायला सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. फरशीवर आदळताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो.

सर्वांत स्वस्त उपाय शेड बांधतानाच होतो. फायबरच्या पत्र्याखाली पर्लिनला वेल्ड केलेली लोखंडी जाळी बसवली की पुढची वीस-पंचवीस वर्षे वर कोणीही चढो, भोकाला तळ मिळतो. उजेड नावापुरता कमी होतो. अमेरिकेच्या जुन्या नियमात अशा जाळीने किमान २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो भार पेलावा अशी अट होती. ब्रिटनमधली चाचणी अधिक पटण्यासारखी आहे : ४५ किलो वाळूची पिशवी १.२ मीटरवरून पत्र्यावर टाकायची आणि ती आरपार जाते का पाहायचे. उभा माणूस आणि अडखळून आदळणारा माणूस यांतला फरक त्यात धरला आहे.

जाळी नसेल तर पहिला प्रश्न वर जायलाच हवे का हा. फुटलेला पत्रा पुष्कळदा खालून, चाके असलेल्या पहाडावर उभे राहून बदलता येतो. जावेच लागले तर निदान तीन पर्लिनवर टेकेल अशी, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी आढ्याला बांधून तिच्यावरूनच सरकायचे. एक फळी पुरत नाही. दुसरी पुढे सरकवताना उभे राहायला पहिली लागते.

पट्टा आणि दोर यांवर मात्र नको तितका भरवसा ठेवला जातो. कमरेचा पट्टा पडणाऱ्याचा कणाच मोडू शकतो, म्हणून पूर्ण शरीराचा हार्नेस हवा. त्याचा हुक गटाराला किंवा पत्र्याच्या जे-बोल्टला अडकवला तर तो हार्नेस नुसता दाखवण्यापुरता. पायाच्या पातळीवर अडकवलेली १.८ मीटरची दोरी, झटका शोषणाऱ्या पट्टीचा मीटरभर ताण आणि माणसाची उंची धरली तर खाली पाचेक मीटर मोकळी जागा लागते. सहा मीटर उंच गोदामात पोत्यांची थप्पी तीन मीटर असेल तर दोर ताणला जाण्याआधीच माणूस थप्पीवर आदळतो.

काढलेल्या पत्र्याच्या जागी सैल प्लायवूड ठेवणे हा आणखी एक सापळा. दुसरा कामगार ते मोकळे पडले आहे असे समजून उचलतो आणि ते समोर धरून पुढे पाऊल टाकतो. प्लायवूडच भोक झाकते, त्याच्या डोळ्यांपासूनसुद्धा. ते स्क्रूने पक्के करून वर ठळक ‘खाली भोक’ असे लिहावे लागते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १७ मध्ये उजेडाच्या खिडक्या आणि झरोके आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याची सक्ती होती. म्हणजे माणसाला छपरावर पाठवण्याचे एक कारण कायद्यानेच दिले. कलम ३२ मध्ये उंचीवरून पडण्याचा संभव असेल तिथे कठडा किंवा अन्य बंदोबस्त सांगितला होता. आदर्श कारखाने नियमांत ठिसूळ छपराचा स्वतंत्र नियम आहे : तीन मीटरपेक्षा खाली पडण्याची शक्यता असेल तर पक्क्या आधाराच्या शिड्या किंवा फळ्यांशिवाय कोणालाही त्यावर जाऊ द्यायचे नाही. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. छोट्या शेडमध्ये कामगारसंख्या कारखान्याच्या व्याख्येपेक्षा कमी भरते आणि छपराची दुरुस्ती तोंडी ठेक्यावर जाते. अशा ठिकाणी शेडमालकाने शिडी लावू देण्याआधी ठेकेदाराला आत नेऊन खालून प्रत्येक उजळ पट्टा दाखवावा, आणि वर त्या प्रत्येक पत्र्याच्या कडेने लाल रंग ओढून घ्यावा. तो रंग मात्र फळीवर बसूनच लावायचा.